कोटाखालचे पिस्तूल

बसवेश पट्टणशेट्टीच्या कोटाखाली पिस्तूल असले, की ते कसबा बावड्यापासून गडमुडशिंगीपर्यंत प्रत्येक सराफाला कळे. पिस्तूल नसले, की कोणी विचारतही नसे. दोन्ही दिवशी कोट तोच असे.

पिस्तूल रीतसर परवान्याचे होते. मंगळवार पेठेतल्या पट्टणशेट्टींच्या चांदीच्या दुकानात वडील गुरुसिद्ध पांढऱ्याशुभ्र धोतरात गादीवर बसत आणि गिऱ्हाईक आपल्या पायाने येईल यावर विश्वास ठेवत. बसवेशचा तसा विश्वास नव्हता. त्याने स्वतःच्या हिमतीवर फिरती सुरू केली होती. पैंजण, जोडवी, करंडे यांचे नमुने बॅगेत घालून आसपासच्या सराफांकडे जायचे, ऑर्डर घ्यायची आणि पुढच्या फेरीत माल पोचवायचा. त्यासाठी त्याने गडद निळा सूट शिवून घेतला, टाय बांधायला शिकला आणि बूट इतके चमकवू लागला की पेठेतली माणसे त्याला विमा एजंट समजू लागली. धंदा मात्र वाढला. मग एका संध्याकाळी मोटारसायकलवरून आलेल्या दोघांनी त्याची बॅग ओढली. बॅग वाचली, कोटाची बाही गेली. त्यानंतर अर्ज, पोलीस चौकशी, प्रशिक्षण हे सगळे यथासांग पार पडून परवाना मिळाला. पिस्तूल तो फक्त माल बरोबर असेल त्याच दिवशी बाळगी. ते पट्ट्याच्या आत, चामडी म्यानात, उजव्या कुशीला असे आणि वरून कोटाचे बटण लावलेले.

तरीही बावड्याचे सराफ हंबीरराव त्याला दारातच म्हणत, "आज घेऊनच आलासा जणू."

"काय घेऊन?"

"ते वो," म्हणत हंबीरराव हनुवटीने त्याच्या कमरेकडे खूण करीत. "बसा, बसा. चहा सांगतो. तेवढं त्वांड आमच्याकडं करू नका म्हंजे झालं."

"पण तुम्हाला कळलं कसं?"

यावर हंबीरराव मांडीवर थाप मारून हसत. "कळलं कसं म्हणं. कळतंय की."

गुरुसिद्धांच्या कानावर हे गेले तेव्हा ते जेवत होते. भाकरीचा तुकडा त्यांनी ताटात परत ठेवला. "बसू, माल असला की पिस्तूल असतं, बरोबर? आणि पिस्तूल असलं की सगळ्यांना कळतं. म्हणजे माल कधी आहे हे तू गावाला सांगत फिरतोस. हे हंबीररावला कळतं तर चोराला कळायला कितीसा वेळ? महिनाअखेरीपर्यंत बघ. नाही जमलं तर परवाना परत करू आणि फिरती बंद. दुकानात बस माझ्याशेजारी."

बसवेशला दुकानात बसण्याचे वावडे नव्हते. पण फिरती त्याने शून्यातून उभी केली होती आणि ती घरातली एकच गोष्ट होती जी त्याच्या आधी कोणी केलेली नव्हती. रात्री तो थोरल्या बहिणीच्या खोलीत जाऊन बसला.

विद्याश्री कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत असे. अंतर्ज्ञान, सहावे इंद्रिय, माणसाच्या डोळ्यांतले तेज असल्या कारणांना ती 'मोजमापाचा आळस' म्हणे. पिस्तूल दिसत नसताना शहाणीसुरती दुकानदार माणसे ते ओळखतात, याचा अर्थ तिच्या मते एवढाच होता की काहीतरी दिसत होते.

"अक्का, तुला हसू येतंय," बसवेश म्हणाला.

"हसू नाही येत. मला मजा येतेय. वेगळं आहे ते."

पहिला संशय अर्थातच कोटावर गेला. दोघे बाळासोंकडे गेले. तो सूट बाळासोंनीच शिवला होता. त्यांनी बसवेशला आरशासमोर उभे केले, वाकवले, बसवले, हात वर करायला लावले आणि शेवटी नाराजीने मान हलवली. उजवी कूस त्यांनी थोडी सैल सोडली, आतून जाड अस्तर लावले आणि मागची चीर शिवून टाकली. "आता ह्यात तुम्ही उखळी तोफ ठिवलासा तरी कुणाला कळायची न्हाई," ते म्हणाले. विद्याश्रीने स्वतः समोरून, बाजूने आणि मागून पाहिले. खरोखरच काही दिसत नव्हते.

दोन दिवसांनी गडमुडशिंगीच्या पिराजी सराफांनी, बसवेश पायरी चढतो न चढतो तोच, आपल्या नातीला कडेवरून उतरवून आत पाठवले आणि म्हणाले, "या पावणं. आज हाय न्हवं जवळ? मग पोरगीला लांबच बरं."

उरले दोन संशय. एक, चामड्याच्या म्यानातल्या वजनामुळे त्याची चाल बदलत असावी. दोन, पिस्तूल जवळ आहे या जाणिवेने त्याचा चेहरा, आवाज किंवा हात काहीतरी सांगून जात असावेत. दोन्ही पडताळणे शक्य होते. पिस्तूल दुसऱ्याच्या हाती देणे कायद्याला धरून नव्हते, त्यामुळे काय भरायचे ते बसवेशनेच भरायचे असे ठरले. आणि घरात अवाक्षर काढायचे नाही, हेही ठरले. अव्वांना, म्हणजे त्यांची आई चन्नम्मा यांना, सकाळी सांगितलेली गोष्ट दुपारच्या आत अर्ध्या पेठेला ठाऊक होई. त्यात त्यांचा काही दोष नव्हता, स्वभावच मोकळा होता.

बुधवारी बसवेशने पिस्तूल कपाटात कुलूपबंद केले आणि म्यानात त्याच वजनाची चांदीची लगड भरली. "अव्वा, माल पोचवायला निघतो," असे नेहमीसारखे सांगून तो बाहेर पडला. बॅगेत रिकाम्या डब्या होत्या. बॅगेत चोरायला काही नाही आणि कमरेला झाडायलाही काही नाही, म्हणून तो दिवसभर शीळ घालत हिंडला. हंबीररावांनी ओळखले. पिराजींनी ओळखले. मधे एका नव्या दुकानात मालकाने त्याला पाहून शेजारच्याला कोपराने ढोसले.

"म्हणजे वजनच," बसवेश संध्याकाळी म्हणाला. "पट्टा खाली ओढला जात असणार."

"किंवा नाही," विद्याश्री म्हणाली. "उलटं करून बघू. त्याशिवाय काही म्हणू नये."

शुक्रवारी त्याने पिस्तूल बांधले, पण घरी सांगितले की बँकेत सह्या करायला जातोय. बॅगेत फक्त नव्या नमुन्यांचे छापील चित्रसंग्रह होते. आज ओळखले तर सगळे संपले, या काळजीने त्याच्या तळहाताला घाम सुटला होता. हंबीररावांशी बोलताना तो दोनदा अडखळला. हंबीररावांनी त्याला चहा पाजला, चित्रे पाहिली, जावयाची तक्रार केली आणि निरोप दिला. पिराजींनी नातीला त्याच्या मांडीवर बसवायला आणले, तेव्हा त्याने गुडघा दुखतो असे सांगून कशीबशी सुटका करून घेतली.

त्या रात्री विद्याश्रीला उशिरापर्यंत झोप आली नाही आणि याबद्दल तिला मुळीच खेद नव्हता. वजन दोन्ही दिवशी होते, निकाल उलटे आले. म्हणजे वजन नव्हे. घाबरलेला बसवेश सुटला आणि शीळ घालणारा पकडला गेला. म्हणजे वागणेही नव्हे. फार काय, पिस्तूलसुद्धा नव्हे, कारण ते नसताना लोकांनी ओळखले आणि असताना ओळखले नाही. बुधवारी पिस्तूल आहे असे समजणारे आणि शुक्रवारी नाही असे समजणारे माणूस बावड्यात नव्हते, गडमुडशिंगीतही नव्हते. ते घरात होते.

विद्याश्रीची व्याख्याने सकाळी सातला सुरू होत, त्यामुळे भाऊ नऊ वाजता घरातून कसा निघतो हे तिने कधी पाहिले नव्हते. शनिवारी तिने रजा टाकली आणि चहाचा पेला घेऊन स्वयंपाकघराच्या दारात बसली.

"आज कॉलेज न्हाय?" चन्नम्मांनी विचारले.

"नाही."

"बरं न्हाय का?"

"खूप बरं आहे, अव्वा. तुम्ही तुमचं चालू द्या."

बसवेश माल घेऊन निघाला होता. कोट चढवण्याआधी तो देवघरासमोर उभा राहिला, दूध तापले की झाकण काढावे तितक्याच सवयीने. चन्नम्मांनी विभूतीची वडी घेतली, ओल्या बोटांवर घासली, त्याच्या कमरेच्या म्यानावर तीन बोटे ओढली आणि पुटपुटत हात जोडले. खंडेनवमीला शस्त्र पुजतात. चन्नम्मांच्या मते शस्त्र घराबाहेर पडणार असेल तर तो दिवस खंडेनवमीच. मग तीच बोटे त्यांनी लेकाच्या कपाळावरून डावीकडून उजवीकडे फिरवली. तीन पांढरे, ठळक पट्टे उमटले. बसवेशने कोट घातला, बटण लावले, कूस चापून पाहिली आणि आरशात कमरेच्या वर न बघता निघाला.

विद्याश्रीने चहाचा पेला खाली ठेवला.

त्या घरात विभूती हवेइतकीच नेहमीची होती. अप्पा, म्हणजे गुरुसिद्ध, रोज लावत, अव्वा रोज लावत. बसवेशने मात्र कॉलेजात गेल्यापासून सोडली होती आणि त्यावरून मायलेकांत वाद होऊन होऊन तो विषय थकून बसला होता. पिस्तुलाच्या पूजेबरोबरची ही बोटे तेवढी तो सवयीने लावून घेई आणि संध्याकाळी घरी येईपर्यंत ती घामाने पुसली जात.

"अव्वा, बुधवारी पण लावलात?"

"लावणारच की. पिस्तूल न्हेत होता त्यो."

"लगड होती त्यात. चांदीची."

चन्नम्मांनी विभूतीची वडी जागेवर ठेवली. "मग लक्ष्मीची पूजा झाली म्हण. वाया कुठं गेली?"

अनुमान झाले होते. पडताळा राहिला होता. रविवारी पिस्तूल कपाटात आणि किल्ली अप्पांच्या सदऱ्याच्या आतल्या खिशात असताना विद्याश्रीने भावाच्या कपाळावर स्वतः तीन पट्टे ओढले. तिला ते अव्वांइतके सरळ जमले नाहीत. बसवेशच्या अंगात घट्ट टी-शर्ट आणि धावायची विजार होती. त्या वेषात तो स्कूटरवर तिच्या मागे बसून गडमुडशिंगीला गेला.

पिराजींच्या दुकानात दोन गिऱ्हाइके होती. पिराजींनी मान वर केली, बसवेशकडे पाहिले आणि नातीचा हात धरून तिला मागे घेतले.

"रविवारी बी, पावणं?"

"काय रविवारी बी?"

"हाय की जवळ." मग त्यांची नजर टी-शर्टवरून खाली उतरली, विजारीवरून परत वर आली आणि चेहऱ्यावर खरीखुरी चिंता पसरली. "पर ठिवलासा कुठं? ह्यात तर रुमाल बी मावायचा न्हाय."

एक गिऱ्हाईक खुर्चीवरून उठून भिंतीला टेकले. दुसरे बसवेशला पाठीमागून न्याहाळू लागले. बसवेशने दोन्ही हात वर करून स्वतःभोवती एक गिरकी घेतली आणि त्याला इतके हसू फुटले की तो पायरीवरच बसला.

"पिराजीमामा," विद्याश्रीने विचारले, "पिस्तूल आहे हे तुम्ही कशावरून म्हणालात?"

"कपाळावरनं की." पिराजींना प्रश्नाचे नवल वाटले. "पयल्यांदा घेऊन आल्ते तवा ह्यांनीच सांगितलं, गादीवर बसत न्हाय, कमरेला लागतंय म्हणून. त्या दिवशी कपाळ भरल्यालं. पुढच्या खेपंला कपाळ मोकळं, तर बसले मांडी घालून. परत भरल्यालं, परत न्हाय बसले. म्हटलं, झालं. हंबीररावास्नी सांगितलं, त्यांनी बाकीच्यास्नी."

"मग एवढे दिवस मी विचारत होतो तेव्हा बोलला का नाहीत?" बसवेशने डोळे पुसत विचारले.

"आम्हाला वाटलं, तुम्ही मुद्दाम लावतायसा. हत्यार घेऊन येणारा माणूस आधी सभ्यपणानं कळवतोय, तर ते उघड कशाला बोलायचं? आम्ही आपलं मनात म्हणत होतो, चांगल्या घरचा हाय पोरगा."

घरी येईपर्यंत दोघे हसत होते. चन्नम्मांना सगळे समजावून सांगितले आणि उपायही सांगितला: विभूती बंद करायची नाही, रोज लावायची. माल असो वा नसो, कोट असो वा नसो. चन्नम्मांनी हे दोनदा वदवून घेतले. बारा वर्षे वाद घालून जे साधले नव्हते ते पदार्थविज्ञानाने एका आठवड्यात मिळवून दिले होते. जेवताना चन्नम्मा विद्याश्रीच्या ताटात न विचारता तिसरी पुरणपोळी वाढून गेल्या.

गुरुसिद्धांनी शांतपणे ऐकून घेतले. रोजच्या कपाळावरून कोणाला काही कळणार नाही, हे त्यांना पटले. "फिरती चालू ठेव," ते बसवेशला म्हणाले. मग लेकीकडे वळले. "पण मला कारण नीट सांग. उद्या दुकानात चारजण विचारतील. फापटपसारा नको."

विद्याश्रीने हात धुतले, पुसले आणि सांगितले.

"पिस्तूल कोणालाच दिसत नव्हतं. बसू ते घेऊन निघाला की अव्वा पिस्तुलाची पूजा करायच्या आणि त्याच बोटांनी त्याच्या कपाळाला विभूती लावायच्या. एरवी त्याचं कपाळ मोकळं असायचं. आम्ही सगळे त्याच्या कमरेकडे बघत होतो. लोक कपाळ बघत होते."