तो चटका नव्हता

आमच्या भावजींना काही विचारा, आधी खोटं बोलतील, मग आवाज चढवतील. साठी उलटली तरी खोड जात नाही.

त्यांच्या बरगडीखाली पट्ट्यासारखे लाल फोड उठले, तर म्हणाले, "वहिनी, इस्त्रीचा चटका बसला." आमची लॉन्ड्री, चटके रोजचेच. मी म्हटलं, "भावजी, इस्त्री शर्टावर फिरवतात, बरगडीवर नाही." सगळे हसले. आणि मीच, अक्कल गहाण ठेवून, सुनेला सांगितलं, काकांना मलम लावत जा. सातवा महिना तिचा. आठवडाभर पोरीने उघड्या बोटांनी ते फुटलेले फोड पुसले.

पंधरा दिवसांनी ती तापाने फणफणली. अंगभर फोड, मग खोकला, मग श्वासच पुरेना. मुलाने तिला उचलून दवाखान्यात नेलं, मी मागोमाग.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "हिला लहानपणी कांजिण्या झाल्या नव्हत्या ना? आता त्याच झाल्यात, फुप्फुसात उतरल्यात. घरात कुणाला नागीण झाली होती?"

"नागिणीचा इथे काय संबंध?"

"विषाणू एकच, आजी. कांजिण्या बऱ्या होतात, पण तो मणक्याजवळच्या नसांत दबा धरून बसतो. म्हातारपणी अंगातली ताकद कमी झाली की नसेवरून बाहेर येतो. त्याची नागीण. त्या फोडांतलं पाणी हिच्यासारखीला लागलं की हिला कांजिण्या."

"आमच्याकडे कुणाला नागीण नाही," मी ताठ मानेने सांगितलं. "एकाला चटका बसलाय तेवढा."

बोलले आणि बरगडीखालचा तो लाल पट्टा आठवला.

तशीच लॉन्ड्रीत आले. कपडा पाण्यात टाकण्याआधी खिसा उलटा करायचा, ही आमची शिस्त. धुण्याच्या ढिगातून भावजींची बाहेर घालायची, महिन्याभराने धुण्याला पडलेली पँट ओढली. खिशात दुसऱ्याच डॉक्टरची चिठ्ठी. अक्षर लावत लावत वाचली : नागीण. फोड झाकून ठेवा. गरोदर बाईपासून लांब राहा. तारीख मलम लावायला सुरुवात केली त्याच्या आदल्या दिवसाची.

भावजी टेबलावर चादर दाबत होते. मी कपडे बडवायचं धोपटणं उचललं आणि त्यांच्या पाठीत घातलं. ते कळवळले, वळले, आणि त्यांनी माझा अंबाडा धरून मला टेबलावर आपटलं. भुवई फुटली. तेवढ्यात मुलगा औषधाच्या पैशांसाठी आला. मी चिठ्ठी त्याच्यापुढे धरली. त्याने ती वाचली आणि काकाच्या तोंडावर ठोसा हाणला. गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या चादरीवर रक्त आणि एक दात.

"कळलं असतं तर मला माडीवर एकटं टाकलं असतंत!" भावजी ओरडले. "ताट दारातून सरकवलं असतंत!"

"टाकलंच असतं. पंधरा दिवस."

मुलाचा फोन वाजला. ऐकता ऐकता तो खाली बसला. पोटातली पोर वेळेआधीच बाहेर काढली होती, काचेच्या पेटीत. आई श्वासाच्या यंत्रावर, शुद्ध नाही.

मी पदराने भुवईचं रक्त पुसलं आणि भावजींच्या समोर उभी राहिले.

"रोग तुमच्या नसेत बसला, त्याचा दोष तुम्हाला देत नाही. मलम लावायला मी सांगितलं, ते मी मरेपर्यंत भोगीन. पण चिठ्ठी वाचून तुम्ही रोज तिच्यासमोर सदरा वर केलात, भावजी. ती जगो न जगो, या घरात तुम्ही मेलात. चालते व्हा."