हॅमिशला न आठवलेला गोल

डॉक्टरीणबाईंनी आडपडदा ठेवला नाही. "हॅमिश, खेळ संपला. डोक्याला आणखी एक दणका बसला तर माझ्या हातात काही उरणार नाही."

हॅमिश पेंगेली तिशीलाही पोचला नव्हता. शाळा अर्धवट टाकून तो मेलबर्नच्या क्लबात आला होता. चेंडू हातात घेऊनही खेळायच्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलखेरीज त्याला दुसरं काही येत नव्हतं. बायकोला, टॅमसिनला, घेऊन तो विमेरा भागातल्या आपल्या गावी परतला, वडिलांच्या गव्हाच्या शेतावर.

शनिवारचा सामना आटोपल्यावर गावच्या क्लबाने त्याचा सत्कार ठेवला. हातात बिअर आणि सॉस घातलेले खिम्याचे पॅटिस घेऊन सगळे दाटीवाटीने उभे होते.

"फायनलचा गोल सांग रे!" कोणीतरी ओरडलं. "टीव्हीवाल्यांचं खूप ऐकलं, आता तुझ्या तोंडून होऊन जाऊ दे."

हॅमिशने सांगितलं. चेंडू कसा पार कडेला हाती आला, खांब कसे जेमतेम दिसत होते, डाव्या पायाने कसा वळवून मारला. सगळं टीव्हीवर पाहिलेलं. त्या दिवशी सुरुवातीलाच कोणाचा तरी गुडघा कानशिलावर बसला होता. तिथून दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत डोक्यात सगळं कोरं होतं. गोल नाही, कप नाही, काही नाही. हे फक्त टॅमसिनला ठाऊक होतं.

टाळ्या थांबल्यावर त्याचे वडील, क्लेम, पुढे आले. "आणि मी कुंपणावरून उडी मारून आत आलो, तेव्हा माझ्या कानात काय म्हणालास, तेही सांग की यांना!"

ते टीव्हीवर नव्हतं.

"ते आपल्या दोघांतलं, बाबा," हॅमिश कसंबसं म्हणाला. लोकांनी पुन्हा टाळ्या पिटल्या. म्हाताऱ्याचे डोळे भरून आले.

बाहेर गाडीपाशी क्लेमने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "नाही सांगितलंस ते बरं केलंस, लेका. मीसुद्धा कधी कोणाला सांगितलं नाही."

आता हॅमिशला राहवेना. "बाबा, मला नाही आठवत."

"काय नाही आठवत?"

"काहीच. तुम्ही आत आलेलेसुद्धा."

खांद्यावरचा हात तसाच राहिला, पण त्यातला जोर गेला.

"काय म्हणालो होतो मी?"

"काही खास नाही रे," क्लेम म्हणाला आणि गाडीचं दार उघडून आत बसला.

पुढेही हॅमिशने दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तेच उत्तर मिळालं. नंतर त्याने विचारायचं सोडलं.

पेरणीच्या दिवसांत तो ट्रॅक्टर चालवू लागला. एका दुपारी टॅमसिन जेवण घेऊन गेली, तर तो नुकतंच पेरलेलं रान पुन्हा पेरत होता. तिने हाक मारली तेव्हा त्याने हसून हात हलवला.

दुसऱ्या दिवशी क्लेम स्वतःच ट्रॅक्टरवर चढला. हॅमिश बांधावर उभा राहिला. दुपारपर्यंत तिथेच उभा होता.