स्टार-सात-शून्य

फोनच्या बटणावरची चांदणी जवळजवळ पुसलीच होती. तीन वर्षांचे गुरुवार, आणि दर गुरुवारी मार्लिसचं बोट तिथंच. स्टार, सात, शून्य. एवढं दाबून नंबर लावला की तासभर दुसऱ्या फोनची टुकटुक मध्ये येत नाही. बाहेरच्याला नुसता एंगेज टोन. रेकॉर्डिंग मग कसं स्वच्छ येतं... मिनेसोटापासून टेक्सासपर्यंतच्या चाळीस बायका फोन कानाला लावून तिच्याकडून गोधड्या शिवायला शिकत, आणि पुढं त्याचीच सीडी निघे.

घरघर रेकॉर्डिंगमध्ये यायला नको म्हणून फ्रिज बंद केला होता; चालू करायला विसरू नये म्हणून गाडीची किल्ली आत, लोण्याशेजारी. घड्याळ थांबवलेलं. कुत्रं तळघरात. राहिलं होतं ते फक्त बोट... आणि समोर ब्रिटाचं कार्ड. दोन वर्षांनी लेकीनं लिहिलेली एक ओळ – गुरुवारी दुपारी फोन करीन. नेमका गुरुवारच का गं बये? विसरलीस, की मुद्दाम? दोन वर्षांमागच्या त्याही गुरुवारी ती तासभर फोन लावत होती – इस्पितळातून, पोटातलं मूल गेल्यावर – आणि मी इकडे टाका कसा लपवायचा ते सांगत होते, किती छान आवाजात...

बोट बाजूला झालं. चांदणी न दाबताच तिनं सरळ वर्गाचा नंबर लावला.

"तारेचाच फोन घेतलायस ना?" जोडणी सांभाळणारा ड्वेन म्हणाला. "मागं बिनतारी घेतलास, तर वाटलं, घरात मधमाश्या पाळल्यात."

"तारेचाच आहे रे बाबा."

"आणि स्टार-सत्तर?"

"केलंय," मार्लिस म्हणाली. ड्वेनशी ती याआधी कधी खोटं बोलली नव्हती.

मग तासभर ती बोलत राहिली. दोन वाक्यांमध्ये जागा सोडत, कोणी यायचं असलं की दार नुसतं लोटून ठेवतात तशी. येऊ दे टुकटुक, नासू दे सगळं...

"आजवरचं सगळ्यात स्वच्छ," शेवटी ड्वेन म्हणाला. "एक ओरखडा नाही. आणि मध्ये थांबत होतीस ना, ते तर फारच छान."

मार्लिसनं फ्रिज उघडला. किल्ली अजून गार होती. ब्रिटाचं घर अडीचशे मैलांवर – आणि ती दारात तरी घेईल का, कोण जाणे. फ्रिज चालू करायचा तसाच राहिला. किल्ली मुठीत ऊबदार होत गेली, आणि मार्लिसच्या मनात एवढंच येत राहिलं, की त्या दिवशी एंगेज लागत असूनही पोरगी तासभर फोन लावत होती. आणि मी दोन वर्षं नुसती वाट पाहिली.