लाउरुसकाकाला काय हवं होतं

गुडनी ब्यार्नासनने कादंबरी लिहायला घेतली तेव्हा ती अठ्ठावन्न वर्षांची होती आणि मासळीच्या कारखान्यातून नुकतीच निवृत्त झाली होती. विनिपेग सरोवराच्या काठावरच्या आमच्या गावात किराणा दुकानातला टपालाचा काउंटर मी सांभाळते, त्यामुळे तिचं प्रत्येक पाकीट माझ्या हातून गेलंय.

लायब्ररीतल्या लेखनवर्गात बाईंनी सांगितलं होतं, "लिहिलेलं मोठ्यानं वाचा. जीभ अडखळेल तिथं वाक्य दुरुस्त करा." घरी नवरा दुसऱ्या पानाला घोरायला लागायचा. म्हणून गुडनी दर मंगळवारी दुपारी कर्लिंग क्लबच्या, म्हणजे बर्फावर दगड सरकवायच्या खेळाच्या क्लबच्या, कॅन्टीनमध्ये वाचायला लागली. पहिल्या मंगळवारी पाच जण होते. नाताळपर्यंत खुर्च्या चर्चमधून आणाव्या लागल्या.

कादंबरी एका कोळी कुटुंबाची होती. त्यात एक लाउरुसकाका होता. तो तीन प्रकरणांत यायचा, शेगडीजवळ बसायचा, प्रूनचा, म्हणजे सुक्या आलुबुखाराचा केक खायचा आणि विचारायचा, "आज वारा कुठला आहे?" बस्स. पण तो आला की कॅन्टीनमधले लोक सावरून बसायचे.

जानेवारीत शहरातल्या एका छोट्या प्रकाशनाच्या संपादिकेचं पत्र आलं. मार्लीन कोवालचुक नाव. कादंबरी आवडली, पण चारशे पानांची तीनशे करा, असं म्हणत होत्या. शेवटी लिहिलं होतं : प्रत्येक पात्राला काहीतरी हवं असलं पाहिजे. लाउरुसला काही नको आहे. त्याला काढलं तर काही कोसळत नाही. काढा.

गुडनीने दोन दिवस रडून घेतलं आणि काढला.

पुढच्या मंगळवारी तिने सातवं प्रकरण वाचलं. संपल्यावर कुणी टाळी वाजवली नाही.

"लाउरुस कुठंय?" ह्याल्मरने विचारलं. ह्याल्मर आमचा बर्फ साफ करणारा, ट्रॅक्टरवाला.

"काढला," गुडनी म्हणाली.

"म्हणजे मेला?"

"मेला नाही रे. आता तो कधी नव्हताच."

हे फार वाईट झालं. मेला असता तर लोकांनी समजून घेतलं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी गुडनीच्या दारात, मयताच्या घरी नेतात तशी, झाकलेली भांडी यायला लागली : मटारची, बटाट्याची, एक पिकरेल माशाचं. माझ्या काउंटरवर बायका सांत्वनाची कार्डं मागायला लागल्या. बारा कार्डं संपली, तेव्हा मी वाढदिवसाच्या कार्डांवरचे फुगे खोडून दिले.

पास्टर थोर्लाक गुडनीकडे गेले. "अंत्यविधीची मागणी आहे," ते कानकोंडे होऊन म्हणाले. "माझी अडचण एवढीच, की त्याचा बाप्तिस्मा झाला होता का?"

"पास्टर, तो माणूस मी बनवलेला आहे!"

"ते माहितीये हो. पण झाला होता का?"

गुडनीने त्यांच्या हातात बटाट्याचं भांडं दिलं आणि दार लावून घेतलं.

शेवटी क्लबमध्ये बैठक बोलावली. संपादिकेचं पत्र मीच वाचून दाखवलं, कारण गुडनी ते पुन्हा हातात घ्यायला तयार नव्हती. ठराव असा झाला की लाउरुसला काहीतरी हवं असण्यात मदत करायची. मग जो तो उठून सांगायला लागला.

"त्याला नवी मोटारबोट हवीये," ह्याल्मर म्हणाला.

"ती तुला हवीये," त्याची बायको म्हणाली.

शाळेतल्या बाईंना वाटलं, भावाने आपली माफी मागावी, एवढंच त्याला हवंय. दंतवैद्याला वाटलं, त्याला दात हवेत. एकाने तर त्याला पंतप्रधान व्हायचंय म्हणून सांगितलं आणि मतदान घ्या म्हणाला. तासभर आरडाओरडा झाला. दोन चुलतभाऊ त्या दिवसापासून बोलत नाहीत.

सिग्गाआजी एक्क्याण्णव वर्षांच्या. त्या मागे बसून विणत होत्या. विणकाम न थांबवता म्हणाल्या, "माझा भाऊ असंच विचारायचा. पाय गेल्यावर. रोज सकाळी, वारा कुठला आहे."

"का विचारायचा, आजी?" गुडनीने विचारलं.

"का म्हणजे? त्याला बोटीत बसायचं होतं. आम्हाला वाटायचं, म्हाताऱ्याला हवापाण्याची आवड आहे."

गुडनीने कोट चढवला आणि ती घरी गेली.

सहा आठवडे ती कुणाला भेटली नाही. तिने लाउरुसला परत आणला, केक खाऊ दिला, तोच प्रश्न विचारू दिला. फक्त अकराव्या प्रकरणात पुतणी जाळी उचलताना थांबते आणि म्हणते, "काका, चला ना, स्वतःच बघा." एवढंच. मग भांडलेल्या घरच्यांना मिळून त्याला खांद्यावर घेऊन बोटीपर्यंत उतरावं लागतं, म्हणून वाटेत भांडण मिटतं, म्हणून पुढचं सगळं बदलतं. शंभरऐवजी एकशे वीस पानं आपोआप गळाली. त्यात गुडनीचं सगळ्यात लाडकं, सूर्यास्ताचं नऊ पानांचं वर्णनही गेलं. त्याच्यासाठी मात्र कुणी भांडं आणलं नाही.

नवं पाकीट पोचल्यावर मार्लीनबाईंचा फोन माझ्या काउंटरवरच आला, कारण गुडनी घरचा फोन उचलत नव्हती; मी तिला बोलावून आणलं. "हा लाउरुस कुठून आणलात?" त्यांनी विचारलं.

"आणला नाही," गुडनी म्हणाली. "गावाने जाऊ दिला नाही."

पुढच्या वर्षी फेब्रुवारीत पुस्तक आलं. मार्लीनबाई स्वतः गाडी चालवत क्लबमधल्या प्रकाशन समारंभाला आल्या. चोपन्न प्रती खपल्या, आणि गुडनीने सह्या करताना अर्ध्या पुस्तकांवर तारीख चुकीची घातली. आनंदाने तिचे कान लाल झाले होते. पास्टर थोर्लाकनी आशीर्वाद दिला, कुणाला ते नीटसं सांगितलं नाही.

परतताना मार्लीनबाईंची गाडी क्लबसमोरच्या बर्फात रुतली. ह्याल्मर ट्रॅक्टर घेऊन आला, दोर काढला, आणि हातात धरून उभा राहिला.

"बाई, मीपण एक लिहितोय," तो म्हणाला. "एक ट्रॅक्टरवाला असतो."

"दोर बांधता का?"

"बांधतो की. तर, त्याचा आजोबा आइसलंडहून येतो—"

आम्ही खिडकीतून बघत होतो. आजोबा येऊन, लग्न करून, तीन मुलं होईपर्यंत बाईंच्या टोपीवर बर्फाचा थर साचला.

"ह्याल्मर," शेवटी त्या म्हणाल्या, "पहिली तीस पानं पाठवा. कागदाच्या एकाच बाजूला छापा, ओळींत जागा सोडा, आणि आजोबाला वगळून सुरुवात करा."

ह्याल्मर विचारात पडला. "अख्ख्या आजोबाला?"

"अख्ख्या."

मग त्याने दोर बांधला.