शेवटच्या माणसाची शिट्टी

सन दोन हजार एकवीस, जानेवारीचा शेवटचा आठवडा. करोनामुळे सगळीकडे दारे बंद झाली होती. सिडनीच्या माणसांना पुण्याला जाता येत नव्हते आणि शेजारच्या राज्यातल्या मेलबर्नलाही नाही. त्या आठवड्यात ऑस्ट्रेलियातल्या एका उंच, उघड्या डोंगरावर मी गप्प राहिले. मित्रांनो, मी एक जुनी पितळी शिट्टी आहे. वाजणे एवढेच माझे काम, आणि ज्या दिवशी ते खरोखर हवे होते त्याच दिवशी ते झाले नाही.

माझा जन्म पुण्याला रविवार पेठेत झाला, त्याला आता पन्नासहून जास्त वर्षे झाली. पितळेच्या पत्र्याचे दोन तुकडे, थोडा डाख आणि पोटात बुचाची एक गोळी, एवढाच माझा देह. भास्कर नावाच्या एका तरुण ड्राफ्ट्समनने मला विकत घेतले. तो आणि त्याचे मित्र दर रविवारी कुठलातरी गड चढायचे. त्यांच्या गटात एक रीत होती. सगळ्यांत दमदार माणसाने सगळ्यांत मागे चालायचे आणि शिट्टी त्याच्या गळ्यात असायची. एक लांब शिट्टी म्हणजे सगळ्यांनी थांबा. तीन म्हणजे धावून या. कोणी थकले, कोणाचा पाय मुरगळला, तर तो माणूस आपोआप भास्करपाशी येऊन पोचायचा, कारण भास्करच्या मागे कोणीच नसायचे. एकदा भीमाशंकरच्या रानात धुके उतरले, तेव्हा अकरा जण माझ्या आवाजाच्या मागे चालत खालच्या वाडीत आले. त्या वाडीतल्या एका बाईने मला हातात घेऊन, उलटसुलट करून पाहिले होते. तेवढे कौतुक मला पुष्कळ वर्षे पुरले.

पुढे भास्करचे गुडघे गेले आणि मी कपाटाच्या खणात गेले. मग भास्करही गेला. त्याची बायको नीला दोन हजार वीसच्या फेब्रुवारीत मुलाकडे सिडनीतल्या कॅसल हिलला आली, तेव्हा तिने मला रुमालात गुंडाळून बरोबर आणले. सहा महिन्यांसाठी आली होती. विमाने बंद झाली आणि ती तिथेच राहिली.

तिचा मुलगा श्रीनाथ एका बँकेत आयटीमध्ये होता. ते वर्षभर तो घरातूनच काम करत होता आणि घर त्याच्या आवाजाने भरलेले असे. तेरा वर्षांचा निनाद हुशार मुलांच्या सिलेक्टिव्ह शाळेची परीक्षा पास झालेला. आठ वर्षांची चिन्मयी मात्र प्रत्येक गोष्ट सावकाश करायची. बूट घालायला वेळ, जेवायला वेळ, गणिताला वेळ. आधीच्या उन्हाळ्यातल्या वणव्यांच्या धुरापासून तिला चढावर धाप लागायची. श्रीनाथ तिला 'लोडिंग' म्हणायचा. निनादनेही तेच नाव उचलले होते.

सुट्टी संपत आली म्हणून श्रीनाथने मित्राला, पॅरामॅटाच्या अजितला, आणि त्याच्या माधव या मुलाला घेऊन डोंगरावर जायचे ठरवले. निघताना नीलाने मला त्याच्या हातात दिले. वडिलांची आठवण म्हणून दिले, बाकी काही बोलली नाही. बोलायला हवे होते.

पायथ्याच्या पाटीवर लिहिले होते: अडीच किलोमीटर, खडकाळ वाट, हवा अचानक बदलते, गरम कपडे न्या. श्रीनाथ हसला. हे तर पर्वती चढण्याएवढेच, असे तो अजितला म्हणाला. नीलाचे गुडघे दुखत होते म्हणून ती आणि सून सुरुची खालीच बाकावर बसल्या. जॅकेटे गाडीत राहिली.

चढ सुरू होऊन वीस मिनिटे झाली असतील. चिन्मयी मागे पडली. श्रीनाथने मला खिशातून काढले आणि तिच्या गळ्यात अडकवले.

"आजोबांचा नियम आहे," तो म्हणाला. "जो सगळ्यांत शेवटी, त्याच्या गळ्यात शिट्टी. आजोबा नेहमी शेवटी असायचे."

मुले हसली. मित्रांनो, तो खोटे बोलत नव्हता. लहानपणी त्याने मला नेहमी शेवटच्या माणसाच्या गळ्यातच पाहिले होते. आपले वडील हळू चालतात म्हणून त्यांना शिट्टी मिळते, असे त्याने मनाशी धरले होते आणि त्याची त्याला लाजही वाटत असे. ती लाज आता त्याने पोरीच्या गळ्यात घातली.

झाडे संपली. पुढे नुसते दगड, गवत आणि वाट दाखवायला रोवलेले उंच खांब. चिन्मयीला धाप लागली. तिने मला तोंडाशी नेले आणि एक लांब शिट्टी वाजवली, थांबा म्हणून. श्रीनाथ सगळे अंतर उतरून परत आला. सगळ्यांसमोर त्याने तिचे गुडघे पाहिले, कोपरे पाहिली, तळवे उलटे करून पाहिले.

"कुठे लागलंय? रक्त कुठाय? दाखव."

"नो ब्लड, बाबा. आय जस्ट..."

"मग वाजवायची नाही. रक्त आलं तरच वाजव. परत उगाच वाजवलीस तर मी मागे येणार नाही."

"लोडिंग," निनाद वरून ओरडला. अजित म्हणाला, अरे जाऊ दे, लहान आहे. पण तोही पुढे चालू लागला.

तिला आता एकच हवे होते, मला गळ्यातून काढणे, आणि त्यासाठी शेवटी राहायचे नव्हते. वाट मोठे वळण घेत वर जात होती. ते वळण वाचवायला ती खांब सोडून सरळ दगडांवर चढली. तेवढ्यात धुके आले. एका ओल्या दगडावरून तिचा पाय घसरला आणि घोट्यापर्यंत दोन दगडांच्या फटीत गेला. आतले हाड मोडले तो आवाज मी ऐकला. बारीकसा होता.

ती रडली, पण हळू. मग वाकून तिने मोजा खाली केला आणि घोटा नीट तपासला, बाबाने तपासले होते तसाच. घोटा सुजत होता, पण रक्ताचा थेंब नव्हता.

वर शिखरावर त्यांनी फोटो काढले. चिन्मयी दिसेना, तेव्हा ती रुसून आजीकडे परत गेली असेल असे श्रीनाथ म्हणाला. उतरताना ते आमच्यापासून वीस पावलांवरून गेले. धुक्यात दिसत काहीच नव्हते, आवाज मात्र येत होता.

"चिन्मयी, नाटकं पुरे हां आता."

तिने मला ओठांत धरले. तिचा श्वास माझ्या आत आला. गोळी हलली. मग तिने श्वास रोखला आणि मला ओठांतून सोडले. मित्रांनो, मी पितळेची आहे, मला स्वतःहून वाजता येत नाही. येत असते तर मी त्या दिवशी फुटेपर्यंत वाजले असते.

खाली ती नव्हती. श्रीनाथ पुन्हा वर धावला तेव्हा गारांचा बारीक पाऊस लागला होता. आता तो रडत हाका मारत होता. पण चिन्मयी थंडीने झोपी गेली होती आणि मी तिच्या स्वेटरवर पडून होते. नारिंगी जॅकेटे घातलेले बचाव पथकाचे स्वयंसेवक तिच्यापर्यंत पोचले, त्याला आणखी दोन तास लागले. पाय बाहेर काढायला एक दगड पहारीने हलवावा लागला.

श्रीनाथ गुडघ्यांवर बसून एकच विचारत होता, वाजवली का नाहीस, बाळा, वाजवली का नाहीस.

तिने डोळे उघडले. "देअर वॉज नो ब्लड, बाबा," ती म्हणाली. "आय चेक्ड."

हॉस्पिटलात करोनाचा नियम होता, मुलाजवळ एकच मोठे माणूस. कोण हवे असे नर्सने विचारले. चिन्मयीने आजीचे नाव घेतले. सुरुची आणि श्रीनाथ रात्रभर गाडीत बसून राहिले. सकाळी नीला मास्क लावून बाहेर आली आणि मला गाडीच्या खिडकीतून श्रीनाथच्या हातात ठेवले. श्रीनाथने सांगितलेला 'आजोबांचा नियम' तिला नातीकडून कळला होता.

"आई, बाबा शेवटी असायचे ना?" तो म्हणाला. "मी डोळ्यांनी पाहिलंय."

"असायचे. सगळ्यांत दमदार होते म्हणून. सगळ्यांत हळू तू होतास, श्रीनाथ. तुझ्यामागे ते असायचे, म्हणून तुला कधी कळलं नाही." मग ती आत निघून गेली.

तेव्हापासून आतापर्यंत कोणाचे काय झाले तेही सांगते. नीला त्याच वर्षी डिसेंबरात, विमाने सुटताच पुण्याला गेली आणि दोन वर्षांनी वारली. मुलाशी ती फोनवर फक्त हवापाण्याचे बोलायची. अजितने घर बदलले. दोन्ही कुटुंबे आता भेटत नाहीत. माधवने शिखरावरचे फोटो कधीच कोणाला पाठवले नाहीत. निनाद आता युनिव्हर्सिटीत आहे. बहिणीबरोबर चालताना तो मागे राहतो, पण तिने कधी मागे वळून पाहिलेले नाही. सुरुचीने घरात कोणाला 'लवकर' हा शब्द उच्चारू दिलेला नाही.

चिन्मयी तेरा वर्षांची आहे. तिचा डावा पाय वाकडा जुळला आहे आणि थंडीत तो दुखतो. दुखला तरी ती सांगत नाही. विचारले तर म्हणते, आय एम फाइन.

मित्रांनो, मुलांच्या गळ्यात शिट्टी घालाल तर ती कधीही वाजवायची मोकळीकही द्या. उगाच वाजली तरी उठून मागे या. आमची काळजी घेणे म्हणजे राख-चिंचेने घासणे नव्हे, एवढेच करणे.

श्रीनाथ दर रविवारी मला घासतो, नवी दोरी ओवतो आणि चिन्मयीच्या टेबलावर ठेवतो. दरवेळी म्हणतो, वाजव, बाळा, कधीही वाजव, मी येईन. ती थँक्यू म्हणते. सोमवारी सकाळी त्याच्या लॅपटॉपशेजारी मी परत आलेली असते, दोरी नीट गुंडाळलेली.