माळ्यावर चढवलेली खुर्ची

मी एक चाकांची खुर्ची बोलतेय. लोक मला व्हीलचेअर म्हणतात, आणि म्हणताना आवाज जरा खाली आणतात. माझ्यावर कुणी हौसेनं बसत नाही, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. पण मी काही कुणाचे पाय नेलेले नाहीत. पाय गेल्यावर मला बोलावतात आणि राग मात्र माझ्यावर काढतात. चोर सोडून संन्याशाला फाशी!

माझा जन्म वसईच्या एका पत्र्याच्या शेडमधला. पहिले मालक मुलुंडचे नंदकिशोरकाका, बँकेतून निवृत्त झालेले, स्वभावानं तापट. ते वारल्यावर घरच्यांना मी डोळ्यांसमोर नकोशी झाले. सोसायटीच्या जिन्याखाली पडून राहिले, डाव्या चाकाला गंज चढला. दीप्ती त्याच सोसायटीत एका आजींना सांभाळायला यायची. काकांच्या घरी विचारून तिनं मला रिक्षात घातलं आणि भांडुपला नेलं, स्वतःच्या आईसाठी.

आईचं नाव नंदा. मी तिला नुसतं नंदाच म्हणते. जे माणूस दिवसभर आपल्या अंगावर रेलून असतं त्याला अहोजाहो काय करायचं? ती बालवाडीत शिकवायची आणि रविवारी चर्चच्या मंडळीतल्या मुलांना गाणी शिकवायची. मणक्याच्या दुखण्यात तिचं कमरेखालचं अंग गेलं. नवरा आधीच देवाघरी गेलेला. जुन्या चाळीच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीत, पाचव्या मजल्यावर एका खोलीचं घर.

दीप्ती सकाळी डबा, पाणी, औषध हाताशी ठेवून जायची ती संध्याकाळीच यायची. मधल्या वेळात आम्ही दोघीच. चाळीत दारं उघडी असायची म्हणे. इथं पॅसेजमध्ये सगळी दारं बंद. नंदा हातांनी चाकं फिरवत दाराशी यायची आणि कुणी येता-जाता दिसेल म्हणून बसून राहायची. कुरिअरवाला चुकून आमच्या मजल्यावर आला तरी तिला बरं वाटायचं.

मंडळीच्या बायका मात्र दर बुधवारी प्रार्थनेला यायच्या. सुंदराबाई त्यांच्यातल्या मोठ्या. आवाज खणखणीत, मन मायेचं. नंदानं उठून चालावं म्हणून त्या सगळ्यांनी उपास धरले. उपास संपले त्या दिवशी तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना झाली. बायका रडल्या, नंदाही रडली. आमेन म्हणून डोळे उघडले, तर सुंदराबाईंची नजर नेमकी माझ्यावर.

"नंदा, देवाकडे पाय मागायचे आणि खुर्ची जवळ ठेवायची, हा कसला विश्वास गं? टाक ती माळ्यावर! रविवारी तू चालत येणार आणि सगळ्यांसमोर साक्ष देणार."

साक्ष म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते उपासनेत उभं राहून सांगायचं. नंदानं मान हलवली. दीप्ती काहीतरी बोलणार होती, पण आईचा उजळलेला चेहरा बघून तिनं स्टूल ओढलं. माझी घडी झाली आणि मी माळ्यावर गेले, नाताळचा कागदी तारा आणि तळ गेलेला कुकर यांच्या सोबतीला.

रविवार आला आणि गेला. पाय हलले नाहीत. पुढचाही रविवार तसाच गेला. आता नंदाला दारापर्यंतही जाता येईना. बुधवारी बायका कमी येऊ लागल्या. आल्या तरी चोरून तिच्या पायांकडे बघायच्या आणि लवकर उठायच्या. काय बोलावं तेच त्यांना सुचत नसावं, बिचाऱ्यांना.

मला वरून सगळं ऐकू यायचं. "माझाच विश्वास कमी पडला का रे प्रभू?" ती एकटीच विचारायची. खुर्ची मागावी तर देवावर भरवसा नाही असं होणार, न मागावी तर चार भिंती खायला उठणार. मला तिची फार आठवण यायची. लोखंडाला कुठली आली आठवण, असं म्हणू नका. येते.

एका दुपारी ती मोठ्यानं म्हणाली, "प्रभू, पाय मागून मागून दमले मी. दिलेस तर घेईन. नाही दिलेस तरी चालेल, पण तू जाऊ नकोस."

मी कान देऊन होते, आत्ता पलंग करकरेल, पाऊल वाजेल. काही वाजलं नाही. आणि मग ती गाऊ लागली. मुलांना शिकवायची त्यातलंच एक साधं गाणं, हळू आवाजात, बेसूर, पण न रडता. मला इतका आनंद झाला की काय सांगू.

संध्याकाळी दीप्ती घरात पाऊल टाकते न टाकते तोच नंदानं सांगितलं, "खुर्ची काढ खाली."

"मम्मी, सुंदराबाई काय म्हणतील? विश्वास सोडला म्हणतील ना."

"सोडला असता तर पडून राहिले असते गं. प्रभू पलंगावर पण माझ्याजवळ आहे आणि खुर्चीत पण. काढ तू. रविवारी मला उपासनेला जायचंय."

दीप्तीनं मला पुसलं आणि डाव्या चाकात खोबरेल तेल सोडलं.

रविवारी आम्ही उपासनेच्या हॉलमध्ये शिरलो तेव्हा सगळ्यांचे चेहरे पडले. साक्षीची वेळ आली आणि नंदानं हात वर केला.

"मी बसूनच बोलते. मी बरी झाले नाही. बरं झाल्यावर साक्ष द्यायची, असं आपण म्हणतो. पण मी कदाचित कधीच चालणार नाही. मग काय, मरेपर्यंत गप्प बसू? पाय तसेच आहेत. दिवसभर घरात एकटी असते, ते पण तसंच आहे. तरी प्रभू मला सोडून गेला नाही. हीच माझी साक्ष."

उपासना सुटल्यावर दाराच्या उंच उंबऱ्याशी माझी चाकं अडली. सुंदराबाई पुढे आल्या. सवयीनं त्यांनी प्रार्थनेला हात उचलले, मग खाली घेतले, वाकल्या आणि माझी पुढची चाकं उचलून धरली. "माफ कर गं नंदा," एवढंच म्हणाल्या.

अजूनही दुपारी आम्ही दोघीच दाराशी असतो. पॅसेजमधली दारं बंदच असतात. नंदा गाते आणि मी ऐकते. माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे. कुणासाठी चमत्कार मागत असाल तर जरूर मागा. पण तो होईपर्यंत त्या माणसाची खुर्ची माळ्यावर टाकू नका, आणि जमलं तर एखाद्या दुपारी त्याच्याजवळ येऊन घटकाभर बसा.