नऊ दिवसांचा खुलासा

"बाकीच्यांकडून काम दोन-तीन दिवसांत पुढं सरकतं, बाई. तुमच्याच टेबलावर नऊ दिवस काय करत बसतं ते?"

साहेबांचा आवाज चढला नव्हता, आणि तेच बाईंना जास्त टोचलं. भिंतीवरच्या पडद्यावर प्रत्येकाच्या नावापुढं एक पट्टी होती. काम हातात घेतल्यापासून पुढच्या माणसाकडं जाईपर्यंत किती वेळ गेला, ते महिनाभर मोजलं जात होतं. सगळ्यांच्या पट्ट्या आखूड. बाईंचीच तेवढी लांबलचक आणि लाल.

"शुक्रवारच्या बैठकीत खुलासा द्या. नाहीतर तपासणीचं काम बाहेर द्यावं लागेल. मलाही वरून विचारतात हो."

लिफ्ट बनवणाऱ्या या कंपनीत बाई बावीस वर्षं तपासनीस होत्या. ड्रॉइंग कारखान्यात जाण्याआधी त्यावर शेवटची नजर त्यांची. खुलासा त्यांच्याजवळ होता. तो द्यायचा कोणत्या तोंडानं, हा प्रश्न होता.

त्यांच्याआधी प्रत्येक काम मास्तरांकडं जायचं. दोर किती जाड, वजन किती पेलणार, हे सगळं गणित मास्तरांचं. निम्म्या ऑफिसला त्यांनीच शिकवलेलं, म्हणून ते मास्तर. पण वर्षभरापासून त्यांची नजर अधू होत चालली होती. पहिली चूक सापडली तेव्हा बाईंनी ती गुपचूप दुरुस्त केली. तिसरी सापडल्यावर मात्र त्यांनी मास्तरांचं प्रत्येक गणित स्वतः पहिल्यापासून करायला घेतलं. नऊ दिवस जात होते ते त्यात.

"सांगून मोकळी हो ना," नवरा घरी म्हणाला. "त्यांच्यापायी तू का मरतेस?"

"पहिल्याच वर्षी मी चुकीचं ड्रॉइंग कारखान्यात धाडलं होतं. सगळा माल भंगारात गेला. मास्तरांनी चूक स्वतःच्या अंगावर घेतली. मला कळूसुद्धा दिलं नाही, दुसऱ्याकडून कळलं."

नवरा म्हणाला, "आणि तुझ्याही नजरेतून एखादी चूक सुटली तर?"

गुरुवारी दुपारी ती सुटतासुटता राहिली. रुग्णालयाची लिफ्ट होती, पेशंटला खाटेसकट नेणारी. बाईंनी तपासून बाजूला ठेवलेला कागद उगाच पुन्हा उचलला. मागणी अठराशे किलोची होती. मास्तरांनी इंग्रजी आठाचा तीन वाचून सगळं गणित तेराशेवर मांडलं होतं. आणि बाईंनी, पेंगुळलेल्या डोळ्यांनी, त्याखाली सही केली होती.

कागद घेऊन त्या तडक मास्तरांच्या खोलीत गेल्या. दार लावून घेतलं.

"मास्तर, हा आकडा वाचा."

त्यांनी कागद नाकाजवळ नेला. मग खिडकीकडं वळवला. "तेराशे. का गं?"

"अठराशे आहे."

त्यांनी कागद टेबलावर ठेवला. "असं आणखी किती वेळा झालं?"

"वर्षभर. मी दुरुस्त करत आले."

"वर्षभर?" त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "वर्षभर माझ्या मागून माझी पाटी पुसत होतीस? आणि तोंडावर 'मास्तर, मास्तर' करत होतीस? जा तू इथून."

शुक्रवारी बैठकीत अकरा माणसं होती. मास्तर टोकाच्या खुर्चीवर बसले होते. त्यांनी बाईंकडं पाहिलंही नाही.

"हं, बोला बाई," साहेब म्हणाले.

रुग्णालयाचा कागद त्यांनी दुरुस्त करून ठेवला होता. पुढची चूक कोण पकडणार होतं? तरी तोंडातून निघालं ते भलतंच. "माझाच हात जड झालाय, साहेब. वय झालं."

साहेबांनी सुस्कारा सोडला. "मग पहिल्या तारखेपासून तपासणी बाहेर..."

"खोटं बोलतेय ती!" मास्तर टेबल धरून उभे राहिले. "कीव करतेय माझी. त्या नवातले सात दिवस माझे आहेत. मला आकडे दिसत नाहीत. ती सगळं पुन्हा करते. लिहून घ्या."

एकानं उगाच पेनाचं टोपण काढलं आणि लावलं.

"हे आधी सांगायला हवं होतं," साहेब शेवटी म्हणाले. कुणाला म्हणाले, ते कळलं नाही.

गणितं दुसऱ्या इंजिनिअरकडं गेली. बाईंची नोकरी राहिली. महिन्याभरात त्यांचं काम दोन दिवसांवर आलं आणि साहेबांनी सगळ्यांसमोर त्यांचं कौतुक केलं. त्यांना ते कौतुक नकोसं झालं. मास्तरांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली. बैठकीच्या दिवसापासून ते बाईंशी एक शब्द बोलले नव्हते.

शेवटच्या संध्याकाळी ते एकटेच बाहेर पडले. बाई चार पावलं मागं राहून त्यांच्या पाठोपाठ गेल्या. मुख्य दाराबाहेर पाच पायऱ्या होत्या. मास्तर वरच्या पायरीवर थांबले. बुटाच्या टोकानं त्यांनी कड चाचपली.

बाईंचा हात पुढं झाला होता. तो त्यांनी मागं घेतला.

मास्तर एक पायरी उतरले. थांबले. मग दुसरी. पाचही पायऱ्या उतरायला त्यांना किती वेळ लागला कोण जाणे. बाई तोवर दारातच उभ्या राहिल्या, मागून येणाऱ्यांची वाट अडवून.